छातीचा कोट आणि नाकाबंदीची रीत

महामार्गावरील पोलीस कारवाईचा विषय निघाला की खान्देशात एक मत हमखास ऐकू येते आणि ते मत असे की संशयित गाडी अडवायला धाडस लागते, लेखी कार्यपद्धती लागत नाही. या मताच्या पोटात तीन वेगवेगळी विधाने दडलेली आहेत. आपला पोलीस मुळातच निधड्या छातीचा असल्यामुळे त्याला परदेशी पुस्तकांतल्या कवायतीची गरज नाही, हे पहिले विधान; अशा पद्धतीमुळे पोलिसांचे हात बांधले जातात आणि गुन्हेगार निसटतो, हे दुसरे; आणि धुळ्यासारख्या जिल्ह्यात त्यासाठी लागणारे मनुष्यबळच नाही, हे तिसरे. याशिवाय अगदी उलट्या दिशेने येणारे चौथे विधानही आहे, ते म्हणजे नागरिकांना गाडीतून हात वर करून उतरवणारी कोणतीही पद्धत ही दडपशाहीलाच दिलेले शास्त्रीय रूप होय. ही चारही विधाने प्रामाणिक माणसे करतात आणि म्हणूनच त्यांचा सविस्तर प्रतिवाद करणे आवश्यक आहे. वाहन अडवताना जीव वाचवणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, अंतर आणि वेळ; पोलिसाचा जीव, गाडीतल्या माणसाचा जीव आणि संशय चुकीचा ठरल्यास निरपराधाचा जीव हे तिन्ही जीव याच दोन गोष्टींवर अवलंबून असतात, आणि त्या दोन्ही गोष्टी आयत्या वेळी सुचत नाहीत, त्या आधी लिहून, शिकवून आणि घोटून घ्याव्या लागतात, असे येथील प्रतिपादन आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे योग्य ठरेल. नाकाबंदीत रोज थांबवली जाणारी बहुतेक वाहने साधी असतात. परवाना, विमा, हेल्मेट, मद्यपान यांची तपासणी होते आणि गाडी पुढे जाते. जोखमीचे वाहन थांबवणे ही याहून निराळी कृती आहे. गाडीत शस्त्र असल्याची खात्रीलायक खबर मिळालेली असणे, नुकत्याच घडलेल्या दरोड्यात वा खुनात ती गाडी वापरली गेलेली असणे, तिच्यात फरारी आरोपी असणे किंवा थांबण्याची स्पष्ट खूण झुगारून तिने पळ काढलेला असणे, अशा ठोस कारणांमुळे आत बसलेली माणसे हल्ला करण्याची खरी शक्यता असते तेव्हा ते थांबवणे जोखमीचे ठरते. साध्या तपासणीत पोलीस चालकाच्या खिडकीपाशी जातो, तर जोखमीच्या प्रसंगी पोलीस गाडीकडे जात नाही, गाडीतल्या माणसांना एकेक करून आपल्याकडे बोलावतो. दोन प्रकारांतला सारा भेद या एका वाक्यात सामावलेला आहे आणि तो न पाळल्यामुळेच माणसे दगावतात.

हा प्रश्न देवपूरच्या संदर्भात मांडण्याचे कारण भूगोलात आहे. पांझरेच्या उत्तर तीरावर वसलेले देवपूर हे धुळे शहराचे उत्तरेकडील दार आहे. नगावबारीकडून शहरात उतरणारा जुना आग्रा रस्ता शाळा, महाविद्यालये आणि दाट वस्ती यांमधून पांझरेच्या पुलाकडे जातो. याच रस्त्याने उत्तरेला निघाल्यास सोनगीर, नरडाणा, शिरपूर आणि पळासनेर ओलांडून वाहन मध्य प्रदेशाच्या हद्दीत शिरते. दुसरीकडे सुरत आणि नागपूर यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ धुळ्यातच या मार्गाला छेदतो. मुंबई, इंदूर, सुरत, नागपूर आणि सोलापूर अशा पाच दिशांची वाहतूक ज्या शहरात एकत्र येते, त्या शहराच्या पोलिसांना जोखमीची गाडी अधूनमधून अडवावी लागणार, हे उघड आहे.

ही शक्यता काल्पनिक नाही. एप्रिल २०२२ मध्ये सोनगीर पोलिसांनी मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूरकडून धुळ्याकडे भरधाव निघालेल्या स्कॉर्पिओचा पाठलाग करून ती अडवली, तेव्हा तिच्यात ८९ तलवारी आणि एक खंजीर सापडला. ही शस्त्रे राजस्थानातील चित्तोडगडहून जालन्याकडे चालली होती आणि गाडीतील चौघांना अटक झाली. चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून असलेले मध्य प्रदेशातील उमर्टी हे गाव गावठी कट्ट्यांच्या, म्हणजे बेकायदा बनवलेल्या पिस्तुलांच्या निर्मितीसाठी दीर्घकाळ कुप्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईसाठी गेलेल्या जळगाव जिल्ह्यातील पोलीस पथकावर जमावाने हल्ला केला आणि एका पोलीस कर्मचाऱ्याला पळवून नेले, त्याची पुढे सुटका झाली. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत होणाऱ्या गांजाच्या शेतीवर पोलिसांना वारंवार छापे घालावे लागतात. तलवार, कट्टा आणि गांजा या तिन्हींची वाहतूक ज्या रस्त्यांनी होते, त्या रस्त्यांवर रात्री हातात बॅटरी घेऊन उभा राहणारा शिपाई कोणत्या शिक्षणाच्या बळावर उभा आहे, हे विचारण्याचा अधिकार त्याच्या घरच्यांना आहे तसाच समाजालाही आहे.

आता पहिले विधान. शौर्य पुरेसे आहे असे म्हणणारे लोक हटकून गिरगाव चौपाटीचा दाखला देतात आणि तो दाखला खरोखरच महाराष्ट्राच्या मनात कोरलेला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अजमल कसाब आणि अबू इस्माईल हे दोघे दहशतवादी एक स्कोडा गाडी हिसकावून पळाले आणि त्या गाडीची माहिती बिनतारी संदेशावरून पोलिसांना मिळाली. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाने चौपाटीवर बॅरिकेड लावले होते. गाडी त्या अडथळ्यापासून काही अंतरावर थांबली, दिवे प्रखर ठेवले गेले, काचेवर पाणी उडवून वायपर चालवले गेले, जेणेकरून आतले काही दिसू नये, आणि मग ती वळवण्याच्या प्रयत्नात दुभाजकावर चढून अडकली. त्यानंतरच्या चकमकीत इस्माईल मारला गेला. कसाबच्या रायफलीची नळी सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली, सगळ्या गोळ्या स्वतःच्या देहावर झेलल्या आणि त्यामुळे सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडता आले. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या पोलिसाला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्या हाती त्या वेळी बंदूक नव्हती.

या घटनेपुढे प्रत्येकाने नतमस्तक व्हावे. परंतु तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून पाहिला पाहिजे. त्या रात्री यश मिळाले त्यात पद्धतीचा वाटा मोठा होता: गाडीची माहिती आधी पोहोचली होती, अडथळा आधी उभा होता, पथकात अनेक जण होते आणि त्यांच्यापैकी काहींकडे शस्त्रे होती. जे उणे होते ते एवढेच की, थांबलेल्या गाडीतून सशस्त्र माणसाला दुरून, आडोशामागून आणि एकेक करून कसे उतरवायचे याचे प्रशिक्षण आणि साधने त्या वेळच्या सर्वसाधारण पोलिसाला दिलेली नव्हती. ती उणीव एका माणसाने आपल्या शरीराने भरून काढली. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याचा आढावा घेण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही ठरवून दिलेल्या कार्यपद्धती पाळल्या न गेल्याकडे लक्ष वेधले होते. ओंबळे यांचे बलिदान हा शौर्याचा परमोच्च बिंदू आहे, आणि परमोच्च बिंदू हा रोजच्या नोकरीचा निकष होऊ शकत नाही. यंत्रणेची उणीव दर वेळी कुणीतरी प्राण देऊन भरून काढील, असे गृहीत धरणारी व्यवस्था आपल्या शूरांचा सन्मान करत नाही, ती त्यांच्यावर विसंबून राहते. छातीचा कोट करणे हा वाक्प्रचार गौरवाचा आहे. परंतु कोट दगडाचा बांधता येत असताना तो छातीचाच का करावा लागतो, हा प्रश्न गौरवाच्या भरात मागे पडू नये.

शौर्यालाच पद्धत मानण्याची सवय किती महाग पडते, हे पुढील तीन घटना दाखवतात. ८ मार्च २०१२ रोजी मध्य प्रदेशातील मुरैना जिल्ह्यात तरुण भारतीय पोलीस सेवा अधिकारी नरेंद्र कुमार यांनी दगडाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अडवण्याचा प्रयत्न केला आणि तिच्याखाली चिरडून त्यांचा मृत्यू झाला. १९ जुलै २०२२ रोजी हरियाणातील नूह जिल्ह्यात पोलीस उपअधीक्षक सुरेंद्र सिंह बिश्नोई यांनी अवैध खाणकामाच्या डंपरला थांबण्याची खूण केली आणि डंपर त्यांच्या अंगावर घालण्यात आला. दुसऱ्याच दिवशी पहाटे रांचीजवळ वाहन तपासणी करणाऱ्या उपनिरीक्षक संध्या टोपनो यांना एका पिकअप गाडीने चिरडले. राज्ये तीन, हुद्दे तीन, परंतु तिन्ही ठिकाणी माणूस आणि चालते वाहन यांच्यामध्ये काहीच नव्हते. चालत्या वाहनापुढे माणूस उभा करणे हा वाहन थांबवण्याचा उपायच होऊ शकत नाही, कारण वाहन थांबवण्याचा निर्णय तो चालकाच्या हाती सोपवतो आणि त्या निर्णयाची किंमत स्वतः मोजतो.

हे अंकगणितानेही दिसून येते. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. चालकाला समोरची खूण दिसून, उमजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तरी गाडी ३३ मीटर पुढे आलेली असते आणि त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ती पूर्ण थांबायला आणखी तेवढेच अंतर लागते, म्हणजे साधी मोटार थांबायला एकूण ७० मीटरच्या आसपास रस्ता हवा. भरलेल्या मालमोटारीला तर त्याहून कितीतरी अधिक हवा. अंधारात हात वर करून उभा असलेला शिपाई चालकाला ३० मीटरवर आल्यावरच दिसला, तर चालकाची इच्छा असूनही गाडी त्याच्या अलीकडे थांबणार नाही. सोनगीरच्या पुढे उतारावरून येणारा भारवाहू ट्रक आणि हात दाखवणारा शिपाई यांच्यात दोष कोणाचा, ही चर्चा नंतर कितीही केली तरी भौतिकशास्त्राचा निकाल तिच्या आधीच लागलेला असतो. ४ जुलै २०२३ रोजी याच महामार्गावर पळासनेरजवळ अनियंत्रित झालेला कंटेनर हॉटेलात घुसून किमान १० माणसे दगावली. त्या चालकाला कुणाला मारायचे नव्हते. म्हणून अडथळ्याची पहिली पायरी ही दूरवरून दिसणारी परावर्तक फलकांची मालिका असली पाहिजे, त्यानंतर वेग आपोआप कमी करायला लावणारी नागमोडी बॅरिकेड्स आणि पोलीस या साऱ्याच्या बाजूला, दुभाजकाच्या किंवा स्वतःच्या गाडीच्या आडोशाला असला पाहिजे.

गाडी थांबल्यानंतरची पद्धत जवळून पाहिली तर ती कवायत का म्हणावी लागते हे कळते. संशयित वाहनाच्या मागे राहणारे पोलीस वाहन घाई करत नाही. ते अंतर राखून गाडीचा क्रमांक, रंग, आतील माणसांची संख्या आणि जाण्याची दिशा नियंत्रण कक्षाला कळवते आणि कुमक येईपर्यंत थांबते. जागा पोलीस निवडतात: जेथे वस्ती, शाळा, पेट्रोल पंप वा गर्दी नाही आणि जेथे मागची वाहतूक रोखता येते. पोलीस वाहन संशयित वाहनाच्या मागे पुरेसे अंतर ठेवून तिरपे उभे केले जाते, कारण मोटारीचा दरवाजा म्हणजे पत्र्याचा पडदा असून रायफलीची गोळी त्यातून सहज पार जाते. गोळी अडवण्याची थोडीफार ताकद इंजिनाच्या लोखंडात आणि चाकांच्या पोलादात असते, म्हणून आडोसा त्यांच्यामागे घ्यायचा. प्रखर झोत संशयित गाडीवर राहतो, पोलीस अंधारात राहतात. एकच अधिकारी बोलतो, बाकीचे फक्त पाहतात, कारण चौघे चार आज्ञा ओरडू लागले तर आतल्या माणसाने कोणती पाळावी हे त्यालाच कळत नाही आणि त्याच्या गोंधळलेल्या हालचालीचा अर्थ हल्ला असा लावला जातो.

ध्वनिक्षेपकावरून दिल्या जाणाऱ्या आज्ञा तोडक्या आणि ठरलेल्या असतात: इंजिन बंद, चावी बाहेर टाका, सगळ्यांचे हात खिडकीबाहेर, चालकाने बाहेरचा दांडा धरून दार उघडावे, हात वर ठेवून खाली उतरावे, सदरा कमरेवर उचलून एक गिरकी घ्यावी, जेणेकरून कमरेला खोचलेला कट्टा दिसेल, आवाजाच्या दिशेने उलट्या पावली चालत यावे. तो माणूस पोलीस वाहनाच्या आडोशाला आल्यावर त्याला ताब्यात घेऊन अंगझडती होते आणि मगच दुसऱ्याला बोलावले जाते. एक पोलीस बोलतो व हाताळतो, दुसरा केवळ संरक्षण देतो, आणि या दोघांनी परस्परांच्या नेमाच्या रेषेत यायचे नाही हा नियम अपवादाविना पाळला जातो, कारण समोरासमोर उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या गोळ्या एकमेकांनाच लागतात. शेवटी गाडी रिकामी दिसली तरी ती रिकामी मानली जात नाही. मागची आसने आणि डिकी आडोशामागून तपासली जाईपर्यंत पंचांना पुढे बोलावले जात नाही. या साऱ्याला दहा ते वीस मिनिटे लागू शकतात. टीकाकार ज्याला वेळकाढूपणा म्हणतात, तो वेळ हाच या पद्धतीचा मुख्य गाभा आहे. ज्याच्या हाती वेळ आहे त्याला गोळी झाडण्याची घाई नसते.

ही पद्धत परदेशी आहे, हा आक्षेप इतिहास न पाहता घेतला जातो. कॅलिफोर्नियात ६ एप्रिल १९७० च्या मध्यरात्री न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांनी एक मोटार थांबवली आणि पाच मिनिटांच्या आत चार तरुण पोलीस मृत्युमुखी पडले. त्या धक्क्यानंतर तेथील दलाने जोखमीचे वाहन थांबवण्याचे प्रशिक्षण मुळापासून बदलले. म्हणजे ही पद्धत सुबत्तेच्या चैनीतून निघालेली नाही, ती मरणातून शिकलेली आहे. आणि दुसऱ्याच्या मरणातून शिकता येत असताना आपल्या माणसांच्या मरणाची वाट पाहणे हा स्वाभिमान ठरत नाही. मात्र ती जशीच्या तशी उचलावी असेही नाही. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि वाहतूक उजवीकडून चालते, येथे नेमके उलट आहे. त्यामुळे पोलीस वाहन कोणत्या बाजूला तिरपे करायचे आणि कोणाला आधी उतरवायचे हे आरशातल्या प्रतिमेसारखे उलटवून पुन्हा लिहावे लागेल. तेथे जोखमीच्या थांब्यात उतरवलेल्या माणसाला बेड्या घालणे ही नेहमीची पायरी असते, तर येथे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या प्रेम शंकर शुक्ला निकालापासून सरसकट बेड्यांना मज्जाव केला असून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ त्या केवळ बेकायदा शस्त्रे, अमली पदार्थ, दहशतवाद, खून यांसारख्या नमूद गुन्ह्यांत आणि सराईत वा पळालेल्या आरोपींबाबत वापरू देते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असल्यामुळे गाडीत स्त्री असण्याची शक्यता असेल तर पथकात महिला पोलीस आधीच हवी. आणि या महामार्गावर राजस्थान, हरियाणा, तामिळनाडू अशा सर्व दिशांचे चालक धावत असल्यामुळे आज्ञा मराठीसोबत हिंदीत, जवळच्या गावांत अहिराणीत आणि सर्वांसाठी हाताच्या खुणांनी ठरवून घ्याव्या लागतील. धुळ्याची कार्यपद्धती धुळ्यातच लिहिली जावी, ही मागणी त्यामुळे रास्त आहे. लिहूच नये, ही मात्र रास्त नाही.

दुसरे विधान असे की पद्धतीमुळे हात बांधले जातात आणि पळणाऱ्या गाडीवर गोळी झाडणे हाच खरा उपाय आहे. याचे उत्तर न्यायालयांच्या नोंदींत आहे. ३१ मार्च १९९७ रोजी दिल्लीच्या कॅनॉट प्लेस भागात गुन्हे शाखेच्या पथकाने एक निळी मारुती एस्टीम अडवून तिच्यावर गोळीबार केला. आत हवा असलेला गुंड नव्हता, दोन व्यावसायिक त्यात ठार झाले आणि तिसरा जखमी झाला. गाडीतून आधी गोळी आली हा बचाव टिकला नाही; सहायक पोलीस आयुक्तासह दहा पोलिसांना २००७ मध्ये जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २९ सप्टेंबर २०१८ रोजी लखनौच्या गोमतीनगरात पहाटे गाडी थांबवली नाही म्हणून एका शिपायाने झाडलेल्या गोळीने खासगी कंपनीचा एक अधिकारी मरण पावला. या दोन्ही गाड्यांतील माणसांना हात खिडकीबाहेर काढण्याची आज्ञा आणि ती पाळण्याइतका वेळ मिळाला असता, तर ती माणसे जगली असती आणि ते पोलीस तुरुंगात गेले नसते. पद्धतीने पोलिसांचे हात बांधले जात नाहीत. ती नसल्यामुळे मात्र दिल्लीत दहा जणांचे हात कायमचे बांधले गेले.

शिवाय गोळीने गाडी थांबते ही समजूतच चुकीची आहे. फिरणारे चाक हे फार लहान आणि वेगवान लक्ष्य असते, रस्त्यावर आपटलेली गोळी कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि चालक मेला तरी गाडी मरत नाही, ती कुणाच्याही हाती नसलेले काही टनांचे लोखंड होऊन पुढे धावत राहते. २६ नोव्हेंबरच्या त्याच रात्री कसाब आणि इस्माईल यांनी पोलिसांकडून बळकावलेली क्वालिस टायर फुटल्यानंतरही बरेच अंतर चालवली होती. न्यूयॉर्क पोलिसांनी १९७२ मध्येच चालत्या वाहनावर गोळीबार करण्यावर कडक निर्बंध घातले. आपल्याकडील कायदाही याच दिशेने बोलतो. संहितेच्या कलम ४३ नुसार देहदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा अटक करताना जीव घेण्याचा अधिकार पोलिसाला नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याचे, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचे कलम ४९ वाहनावर गोळी झाडण्याची मुभा देते खरे, परंतु ती वाहन थांबवण्याचे सर्व कायदेशीर उपाय निष्फळ ठरल्यावरच. हे उपाय कोणते, कोणत्या क्रमाने योजायचे आणि ते थकले असे केव्हा म्हणायचे, हे कुठेतरी लिहिलेले असल्याशिवाय त्या कलमाला अर्थ उरत नाही. लेखी कार्यपद्धती म्हणजेच त्या उपायांची यादी होय, आणि ती पाळलेला पोलीस न्यायालयात निर्धास्तपणे उभा राहू शकतो.

तिसरे विधान मनुष्यबळाचे आहे आणि ते सर्वांत सहानुभूतीने ऐकले पाहिजे, कारण रात्रपाळीच्या गस्तीच्या गाडीत दोघेच जण असणे ही कष्टाची वस्तुस्थिती आहे. तथापि मनुष्यबळ कमी असल्यामुळेच कार्यपद्धती अधिक गरजेची ठरते, कारण केव्हा थांबवायचे नाही हे तीच सांगते. दोघांनी चार सशस्त्र माणसांची गाडी अडवू नये. त्यांनी दुरून मागे राहावे, क्रमांक कळवावा आणि पुढे सापळा लावू द्यावा. महामार्गावरील गाडी अदृश्य होत नाही. सोनगीर, शिरपूर, लळिंग येथे टोलनाके आहेत, तेथे कॅमेरे आहेत, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे गाडीची वाटचाल नोंदली जाते, आणि शिरपूरच्या पुढे राज्याची सीमा असली तरी बिनतारी संदेशाला सीमा नसते. आज निसटलेली गाडी उद्या धरता येते. आज मेलेला शिपाई उद्या परत येत नाही. साधनांचा खर्चही डोंगराएवढा नाही: परावर्तक फलक, हलवता येणारी नागमोडी बॅरिकेड्स, टायरमधील हवा हळूहळू काढणारी खिळ्यांची पट्टी, झोताचा दिवा, ध्वनिक्षेपक आणि पथकातल्या पुढच्या दोघांना तरी गोळीरोधक जाकीट. यांपैकी सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे सराव, बाजारात मिळत नाही आणि तिला पैसाही फारसा लागत नाही.

चौथा आक्षेप विरुद्ध बाजूचा असला तरी त्यातील भीती खरी आहे. हात वर करून, उलट्या पावली चालायला लावणे हा माणसाचा अपमान आहे आणि अशा अधिकाराचा वापर ठरावीक जमातींच्या, ठरावीक पेहरावाच्या माणसांवर होईल, असे म्हणणाऱ्यांना उडवून लावता येणार नाही. मात्र या भीतीचे उत्तर पद्धत नाकारण्यात नसून तिच्या कडक मर्यादेत आहे. जोखीम कशामुळे ठरवली याचे कारण नियंत्रण कक्षाला आधी कळवलेले असावे. धर्म, जात, भाषा, गाडीचा राज्यसंकेत वा कपडे ही कारणे म्हणून चालणार नाहीत. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहेच, ते गाडी थांबवल्याच्या क्षणापासून सुरू व्हावे. आणि संशय खोटा ठरल्यास अधिकाऱ्याने त्या माणसाला कारण सांगून, क्षमा मागून आणि त्याची लेखी नोंद देऊन जाऊ द्यावे. ज्याला दहा मिनिटे हात वर करून उभे राहावे लागले त्याचा अपमान खरा आहे, पण तो भरून येऊ शकतो. कॅनॉट प्लेसच्या गाडीतल्या माणसांचे जे झाले ते भरून येत नाही. मोकळ्या हातांनी केलेली मनमानी आणि लेखी, चित्रित, जाब विचारता येईल अशी कठोरता यांत नागरी हक्कांच्या कैवाऱ्यांनी दुसरीची निवड करावी, कारण पहिलीविरुद्ध दाद मागण्यासाठी हाती काहीच उरत नाही.

एक मूलभूत उणीव मात्र या चारही पक्षांच्या नजरेतून सुटते आणि ती नोंदींची आहे. कारवाईनंतर पंचनाम्यात मुद्देमाल बारकाईने मोजला जातो. तलवारी किती, कट्टे किती, जिवंत काडतुसे किती, गाडीची किंमत किती, हे सारे वृत्तपत्रांतही छापून येते. पोलीस गाडीपासून किती अंतरावर होते, किती जण होते, उजेड कसा होता, आतल्यांना कोणत्या क्रमाने उतरवले, कोणती आज्ञा त्यांना कळली नाही, कोण कोणाच्या नेमाच्या रेषेत आले, हे मात्र लोकांपुढे येत नाही आणि पुढच्या पथकाच्या अभ्यासाला मिळत नाही. त्यामुळे ८९ तलवारींची गाडी रक्त न सांडता ताब्यात आली, हा अनुभव देवपूरच्या वा शिरपूरच्या नव्या शिपायाला शिकता येण्याजोगा राहत नाही. कारवाई यशस्वी झाली म्हणजे पद्धत बरोबर होती असे सिद्ध होत नाही, आणि कारवाई फसली म्हणजे माणूस भित्रा होता असेही नाही. नोंद नसेल तेथे यशाला दैव म्हणावे लागते आणि अपयशाला बलिदान, आणि दोन्हींतून कोणीच काही शिकत नाही.

हे बदलणे धुळ्याच्या आवाक्यात आहे. पोलीस प्रशिक्षण केंद्र धुळ्यात आहे, राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ धुळ्यात आहे, आणि सरावासाठी ज्या रस्त्यांचा नमुना हवा ते पाचही रस्ते धुळ्यातूनच फुटतात. जिल्हा पोलीस प्रशासनाने या दोन संस्थांना सोबत घेऊन जोखमीचे वाहन थांबवण्याची कार्यपद्धती मराठीत, चार पानांत, शिपायाला कळेल अशा शब्दांत लिहावी. सोनगीर, नरडाणा, शिरपूर आणि देवपूरच्या दोन्ही पोलीस ठाण्यांतील प्रत्येक पथकाकडून तिचा सराव रात्रीच्या वेळी, खऱ्या गाड्या उभ्या करून, वर्षातून किमान दोनदा करून घ्यावा. आणि प्रत्येक प्रत्यक्ष कारवाईनंतर मुद्देमालाच्या पंचनाम्याला जोडून पद्धतीची एक पानी नोंद ठेवावी. नागरिकांचे कर्तव्यही यात आहेच: रात्री पोलिसांनी थांबण्याची खूण केली तर गाडी बाजूला घ्यावी, आतला दिवा लावावा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत आणि सांगितल्याखेरीज खिशात वा डॅशबोर्डखाली हात घालू नये. नगावबारीच्या उतारावर आज रात्रीही कुणीतरी शिपाई बॅरिकेडपाशी उभा असेल. त्याच्या छातीवर राज्याचा विश्वास आहेच. त्या छातीपुढे एक लोखंडी अडथळा, पाठीशी एक लेखी रीत आणि हाती दहा मिनिटांचा वेळ देणे एवढेच राज्याकडून बाकी आहे.